दुसऱ्या बाळंतपणात घरी मदत हवी? बाई शोधण्याआधी तास मोजा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी सोय. आई, मावशी, शेजारच्या आजी, डिंकाचे लाडू, आणि सव्वा महिना खोलीबाहेर पाऊल नाही. दुसऱ्या वेळी मात्र गणित बदलतं. थोरल्याची शाळा इथे, नवऱ्याची नोकरी इथे, आईचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, आणि सासूबाईंच्या स्वतःच्याच बीपीच्या गोळ्या चालू. मग सातव्या महिन्यात घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: "कुणी बाई मिळेल का गं?"

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बाळाला सांभाळायला बाई शोधू नका. बाळाला पहिले तीन महिने आईच लागते. मदत लागते ती बाळाच्या आजूबाजूच्या सगळ्याला: थोरलं मूल, ओटा, कपडे, भांडी, येणारे-जाणारे. कामाची बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे आणि ओली बाळंतीण गॅसपाशी उभी राहून पोळ्या लाटते आहे, असं मी ओळखीच्या कितीतरी घरांत पाहिलं. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात पहिले पंधरा दिवस आमच्याकडेही तेच चाललं होतं. पुढचं सगळं त्या पंधरा दिवसांतून शिकलेलं आहे.

सातवा महिना: एक वही आणि चोवीस ओळी

वहीच्या पानावर चोवीस तासांच्या चोवीस ओळी आखा. नवजात बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा दूध पितं. एका वेळेचा अर्धा तास धरला तरी चार ते सहा तास तिथेच गेले. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं धरा, की आठ-नऊ तास होतात. हे तास तुमचे. त्यात कुणी वाटेकरी नाही, आणि ते एकसलगही नाहीत, चोवीस तासांत विखुरलेले आहेत. उरलेल्यातून तुमची झोप, जेवण, अंघोळ काढायची. म्हणजे घरासाठी तुमच्याकडे शून्य तास उरतात, असं समजूनच पुढे चला.

आता त्याच पानावर घराची कामं लिहा. सकाळी ७ ते ९ थोरल्याचं आवरणं, डबा, शाळेची गाडी. दुपारी त्याला आणणं, भरवणं. संध्याकाळी ५ ते ८ हा सगळ्यात कठीण पट्टा: नेमकी तेव्हाच तान्ही बाळं किरकिरतात, थोरलं दमून चिडलेलं असतं, रात्रीचा स्वयंपाक बाकी असतो आणि नवरा अजून गाडीवर असतो. आणि मग रात्री २ ते ५.

ही वही भरली की एक गोष्ट लक्षात येते. बऱ्याच घरांना चोवीस तासांची बाई लागतच नाही. सकाळचे अडीच आणि संध्याकाळचे तीन तास कुणीतरी भक्कम हवं असतं. आमच्या वहीत हेच निघालं. दोन अर्धवेळ माणसं मिळणं सोपं असतं, खर्चही आवाक्यात राहतो, आणि एक आजारी पडली तरी घर ठप्प होत नाही.

सिझेरियन ठरलेलं असेल किंवा पहिलं सिझेरियन असेल, तर वहीत एक ओळ ठळक करा: थोरल्याला उचलणं. साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, असं डॉक्टर सांगतात. तीन वर्षांचं मूल तेरा-चौदा किलोचं असतं. त्याला कमोडवर कोण बसवणार, अंघोळीच्या बादलीपाशी कोण नेणार, झोपेत सोफ्यावरून पलंगावर कोण आणणार? या तीन प्रश्नांपुढे नावं लिहा. नुसतं "बघू" लिहू नका.

घरची माणसं: एकदम बोलावू नका

आई आणि सासूबाई दोघी एकाच वेळी येतात, पंधरा दिवस घर भरून जातं, आणि मग दोघी एकाच आठवड्यात परततात. त्यानंतर जो खड्डा पडतो तो फार खोल असतो. पाळ्या लावा. आई पहिले तीन आठवडे, सासूबाई त्यानंतर, आणि मध्ये दोन-तीन दिवसच दोघी एकत्र, म्हणजे कुठलं पातेलं कुठे आणि थोरला काय खातो हे एकीकडून दुसरीकडे पोचतं.

नवऱ्याच्या रजेचंही तसंच. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. खासगी नोकरीत कंपनीचं धोरण असेल तेच. रजा कितीही असो, सगळी पहिल्याच आठवड्यात संपवू नका. तेव्हा घरात माणसं असतात. दवाखान्याचे दिवस सोडून निम्मी रजा आजी परत जाईल त्या आठवड्यासाठी राखा.

आणि आजी-आजोबांना नेमकं काम सांगा. "काय हवं ते सांग" या प्रश्नाला बाळंतिणीकडे उत्तर नसतं, डोकं चालत नाही तेव्हा. आधीच ठरलेलं असावं: आजोबा थोरल्याला साडेपाचला बागेत नेणार, सात वाजता आणणार. आजी बाळंतिणीचं पहिलं जेवण साडेअकराला देणार, सगळ्यांचं झाल्यावर नाही.

कुठली माणसं मिळतात

मालिशवाल्या मावशी सगळ्यांना माहीत असतात. सकाळी तास-दीड तास येतात, बाळाला आणि आईला तेल लावतात, अंघोळ घालतात. आमच्या मावशी लाकडी पाटावर पाय लांब करून बसायच्या, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायच्या आणि पाणी अंगावर घेण्याआधी प्रत्येक तांब्यात कोपर बुडवून बघायच्या. प्रत्येक तांब्यात, दर दिवशी. त्या कोपरावरूनच मी ठरवलं की ही बाई राहणार. मावशींचं काम तेवढंच असतं, त्यांच्याकडून घरकामाची अपेक्षा ठेवू नका. त्यांना पुढे तीन घरं असतात.

स्वयंपाकाच्या आणि वरकामाच्या बाई बहुतेकींकडे आधीच असतात. नवी शोधण्यापेक्षा आहे त्याच बाईंना तीन महिन्यांसाठी तास वाढवून विचारा. त्यांना घर माहीत असतं, थोरलं त्यांना ओळखतं. बाळाच्या लंगोटांचं धुणं आणि बाळंतिणीचं वेगळं जेवण ही जादा कामं आहेत, त्याचे जादा पैसे आधी बोला.

राहणारी बाई, म्हणजे ज्यांना मुंबईत हल्ली "जापा" म्हणतात त्या, बाळ-बाळंतिणीचं बारा किंवा चोवीस तास बघतात. जुळी असतील, आईला काही गुंतागुंत झाली असेल, घरात दुसरं कुणीच नसेल, तर त्यांचा उपयोग आहे. मात्र नीट विचारून घ्या: त्यांतल्या बऱ्याचजणी बाळाव्यतिरिक्त दुसरं काम करत नाहीत. मग पोळ्या तुम्हालाच लाटायच्या. बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, आलेलं असेल, तर दवाखान्यालाच प्रशिक्षित नर्सबद्दल विचारा. तिथे अनुभवी मावशी पुरत नाहीत.

आणि एक मदत लोक विसरतात: पाळणाघर. ते बाळासाठी नको, थोरल्यासाठी हवं. थोरला आधीपासून जात असेल तर बंद करू नका. "आई घरीच आहे की आता, कशाला पैसे घालवायचे" हा सल्ला मी ऐकला आणि एक महिना पस्तावले. जात नसेल तर बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधी घाला. बाळ आलं आणि मला घराबाहेर काढलं, असं त्याच्या मनात बसायला नको.

शोध कुठे घ्यायचा

सगळ्यात खात्रीचा माग म्हणजे गेल्या वर्षभरात बाळंत झालेल्या बायका. सोसायटीच्या ग्रुपवर "चांगली बाई सुचवा" असं टाकलं की पंधरा नंबर येतात आणि एकही उचलला जात नाही. त्यापेक्षा ज्या घरात सहा महिन्यांचं बाळ आहे तिथे जाऊन बसा. त्या आईला दोनच गोष्टी विचारा: या बाई वेळेवर यायच्या का, आणि तुझ्या थोरल्याशी कशा बोलायच्या?

दुसरा माग तुमच्या सध्याच्या बाई. त्यांची नणंद, जाऊ, वस्तीतली मैत्रीण. त्यांच्या शब्दावर आलेली बाई सहसा जबाबदारीने वागते, कारण शब्द देणारी रोज दारात असते. तिसरा माग प्रसूतिगृहातल्या मावशी आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली मदतनीस. त्यांना गावातल्या सगळ्या मालिशवाल्या माहीत असतात, आणि कुणाला बोलावू नये हेही.

ब्युरोकडे जायचं असेल तर लेखी घ्या: कमिशन किती, बाई सोडून गेली तर दुसरी किती दिवसांत, ती बदली फुकट किती वेळा, पगार बाईंच्या हातात की ब्युरोच्या खात्यात. माझ्याकडे ब्युरोतून आलेली बाई नवव्या दिवशी न सांगता गेली आणि बदलीसाठी मी अकरा दिवस फोन करत राहिले. कमिशन सगळं आधी दिलं होतं. निम्मं आधी आणि निम्मं महिन्यानंतर असं बोलून बघा. मान्य करणारे भेटतात.

चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. "बाळाशी खेळायला गावाकडची पोरगी" हा सल्ला कुणी दिला तर तिथेच थांबवा. ती पोरगी स्वतः शाळेत असायला हवी.

भेट आणि बोलणं

बाईंना थोरलं मूल घरात असताना बोलवा. चहा द्या, घरातल्या बाकीच्यांना देता त्याच कपात. मग गप्पा मारल्यासारखं विचारा. तुम्ही बाळ कधी सांभाळलंत, ते घर का सुटलं? बाळ फार रडायला लागलं तर काय करता? पोट गच्च झालं तर? तुमची मुलं कोणाकडे असतात? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ज्या बाईंचं स्वतःचं मूल आजारी पडलं तर बघायला कुणी नाही, त्या रजा घेणारच, आणि घ्यायलाच हवी. ते आधी कळलं की तुम्ही पर्याय तयार ठेवता.

रडण्याच्या प्रश्नाला "चाटण देते", "गुटी देते", "जोरात हलवते" असं उत्तर आलं तर आभार मानून निरोप द्या. "आधी आईकडे देते, मग लंगोट बघते" असं आलं तर मला ती बाई पसंत.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवसांचा खोकला असेल तर कामावर येण्याआधी थुंकीची तपासणी करायला सांगा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. हे बोलताना संकोच वाटतो. पण घरातल्या प्रत्येकाला हाच नियम आहे असं सांगितलं, आणि खरंच तो आजोबांनाही लावला, की कुणी वाईट मानत नाही. आधार कार्डाची प्रत, पत्ता, घरच्या माणसाचा नंबर घ्या, आणि राहणारी बाई असेल तर पोलीस पडताळणीबद्दल जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा.

आणि बाळ येण्याआधी निदान आठवडाभर काम सुरू करा. तेवढा पगार जातो, जाऊ द्या. त्या आठवड्यात थोरलं त्यांच्या हातून जेवायला शिकतं. कळा सुरू होतील त्या रात्री त्याला कुणाकडे तरी सोपवून जायचं आहे.

पगाराचं बोलणं

दर शहराप्रमाणे, अगदी सोसायटीप्रमाणे बदलतात, त्यामुळे आकडा आजूबाजूच्या तीन घरांत विचारून ठरवा. पण या गोष्टी आकड्याबरोबरच बोला: आठवड्याची सुट्टी कुठली, दिवाळीत काय, उशिरापर्यंत थांबल्यास तासाचे किती, येण्याजाण्याचे किती, आणि तुम्ही महिनाभर माहेरी गेलात तर पगार चालू राहणार का. माझ्या मते चालू राहिलाच पाहिजे. तुम्ही नाही म्हणून त्यांचं घरभाडं थांबत नाही. हिशेब एका छोट्या वहीत लिहा आणि दोघींनी सही करा. उचल द्यायची तर त्याच वहीत, कापून घ्यायचे हप्तेही तिथेच.

बाळंतिणीच्या खर्चाला हातभार म्हणून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र असाल तर नोंद करा. पहिल्या अपत्याला ५,००० रुपये, आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. अर्जासाठी अंगणवाडीत विचारा. नोकरी करत असाल तर २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय देणंही बंधनकारक आहे. परत रुजू होण्याआधी हे ऑफिसला लेखी विचारून ठेवा.

पहिल्या दिवशी सांगायचे नियम

हे नियम बाईंना सांगायचे आणि घरातल्या थोरल्या मंडळींनाही, शक्यतो डॉक्टरांच्या तोंडून. मी दोन्ही आज्यांना बाळाच्या पहिल्या तपासणीला बरोबर घेऊन गेले. डॉक्टरांनी जे दोन मिनिटांत सांगितलं ते मी बोलले असते तर दोन महिने कुरबुर चालली असती.

सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, सहाणेवर उगाळलेली गुटी नाही. मधातून वर्षाखालच्या बाळाला बोटुलिझम, म्हणजे जिवाणूंमुळे होणारी गंभीर विषबाधा, होऊ शकते, आणि सहाण कितीही धुतली तरी जंतुविरहित होत नाही. कानात, नाकात तेल घालायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. टाळूवर तेल हलक्या हाताने, दाबायचं नाही. बाळाची छाती पिळायची नाही, पायाला धरून उलटं करायचं नाही. डोळ्यांत काजळ नाही.

शेक-शेगडीबद्दल जरा थांबून सांगते, कारण हा मायेचा विषय आहे. बाळंतिणीला ऊब बरी वाटते, कंबर मोकळी होते, हे खरं. पण खिडक्या-दारं लावून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवली की खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. माणसं झोपेतच दगावतात. ओवा-बाळंतशेपाच्या धुरीचा धूर बाळाच्या छातीला त्रास देतो. आम्ही गरम पाण्याची पिशवी आणि दुपारचं ऊन यावर भागवलं, आजींनाही पटलं. सिझेरियन असेल तर पोटाला मालिश डॉक्टर सांगतील तोपर्यंत नाही.

झोपताना बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशीशिवाय. राईची उशीसुद्धा नाही. डोकं गोल होण्यापेक्षा श्वास मोकळा राहणं महत्त्वाचं. बाईंनी बाळाला स्वतःच्या अंथरुणात घेऊन झोपायचं नाही. बाळाचे फोटो कुणाच्याही स्टेटसवर नाहीत. हात साबणाने, दारातून आल्या आल्या.

थोरलं मूल

सगळ्या यादीत मला सर्वांत जास्त वाटतं ते याबद्दल. मालिशवाल्या मावशींची घंटा वाजली की आमचा थोरला आपल्या चपला घेऊन न्हाणीच्या दारापाशी येऊन बसायचा. दार बंद, आत मी. तासभर तो तिथेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, चपला कशाला रे? तर म्हणाला, तू बाहेर आलीस की आपण बाहेर जाऊ.

त्या दिवसापासून आम्ही मदतीची वेळ बदलली. मावशींच्या तासाला बाई त्याला घेऊन खाली जायच्या, दूध आणायला, कुत्र्यांना बिस्किटं टाकायला. आणि संध्याकाळी बाळ पिऊन झोपलं की बाई बाळापाशी बसायच्या आणि मी वीस मिनिटं फक्त त्याची. दार लावून, फोन बाहेर. बाईंच्या मांडीवर बाळ द्यायचंच असेल तर या वीस मिनिटांसाठी द्या.

मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य बंद करायला सांगा: "आता तुझे लाड संपले." पाहुणे हमखास म्हणतात, हसत हसत म्हणतात. मुलाला ते खरं वाटतं. पाहुण्यांना दारातच सांगा की आधी थोरल्याशी बोला, बाळ नंतर बघू.

रात्र

रात्री बाळाला पाजायला तुम्हीच उठणार. बाकीचं वाटता येतं. आमच्याकडे बाळाला आणून देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं नवऱ्याकडे रात्री १ पर्यंत, आणि पहाटे ५ नंतर आजीकडे. मधले चार तास माझे. पहाटे ५ ते ८ ही झोप मला दिवसभर पुरायची. थोरला रात्री उठला तर तो कुणाकडे, हेही ठरलेलं असावं, नाहीतर तो आईलाच शोधत येतो आणि दोघंही रडतात. बाळ येण्याच्या महिनाभर आधीपासून बाबांनी त्याला झोपवायची सवय लावा.

सरकारी यंत्रणेतून घरी येणारी मदत

आशाताई फक्त खेड्यात असतात असा समज आहे. शहरातल्या वस्त्यांमध्येही त्या काम करतात. दवाखान्यात प्रसूती झाल्यावर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईंनी घरी येऊन बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध पाजणं बघायचं असतं. त्या आल्या तर दारातून परत पाठवू नका, मोकळेपणाने सगळं विचारा. स्तनदा मातेला अंगणवाडीतून सहा महिने पोषण आहार असतो, आणि थोरलं मूल तीन वर्षांचं झालं असेल तर त्याला तिथे बसवता येतं. सरकारी दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर घरी सोडायला मोफत गाडी मिळते. सुट्टी मिळतानाच विचारा, १०२ हा त्यासाठीचा नंबर.

परदेशात असलेल्या मैत्रिणींसाठी थोडक्यात. जर्मनीत प्रसूतीनंतर सुईण, म्हणजे हेबामे, १२ आठवड्यांपर्यंत घरी येते आणि आरोग्यविम्यात बसते. आईला घर झेपत नसेल तर घरकामाच्या मदतीसाठीही विमा कंपनीकडे अर्ज करता येतो. नेदरलँड्समध्ये क्रामझोर्ग नावाच्या सेवेतली मदतनीस साधारण आठवडाभर घरी येते, थोरल्या मुलांचंही बघते. दोन्हीकडे गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच नोंदणी करा, उशीर झाला की माणूस मिळत नाही. आईला भारतातून बोलावणार असाल तर ती येण्याआधीच्या आणि गेल्यानंतरच्या आठवड्यांसाठी या सोयी वापरा.

फ्रिजवर लावायचा कागद

मदतीला जो कोणी असेल त्याला हे वाचून दाखवा, वाचता येत असेल तरी. बाळ पीत नाही, अंग गरम किंवा थंडगार लागतं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे, नाळेपाशी लाली किंवा पू, झटके: लगेच दवाखाना. आईला तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, थंडी-ताप, दुर्गंधी स्राव, तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप: लगेच दवाखाना. गाडीसाठी १०८. खाली डॉक्टरांचा नंबर, आणि थोरल्याला घेऊन थांबेल अशा शेजारणीचा नंबर.

पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं बहुतेकींना होतं. ते त्यापुढेही राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, झोप मिळत असूनही झोप येईना, किंवा स्वतःला-बाळाला काही करण्याचे विचार यायला लागले, तर आणखी एक बाई ठेवून ते जाणार नाही. डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. घरच्यांनी बाळंतिणीला आठवड्यातून एकदा तरी बाजूला बसवून विचारा, "तू कशी आहेस?" आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.

मदत कमी करताना

सव्वा महिना झाला की मालिश बंद, बाई बंद, आजी गावाला, असं सगळं एका आठवड्यात करू नका. दर पंधरा दिवसांनी एकच गोष्ट कमी करा. आधी सकाळची, कारण सकाळी हातपाय चालतात. संध्याकाळचे तीन तास सगळ्यात शेवटी सोडा. दीड महिन्याची लस असेल तो दिवस आणि पुढचा दिवस कुणाला तरी बोलावून ठेवा, कारण तापाने बाळ खाली राहत नाही.

बाईंना काम संपण्याची तारीख महिनाभर आधी सांगा, म्हणजे त्यांना पुढचं घर शोधता येईल. थोरल्यालाही आठवडाभर आधी सांगा की मावशी आता रोज येणार नाहीत. आमच्या बाईंनी शेवटच्या दिवशी त्याला खाली नेलं, दोघांनी बिस्किटांचा पुडा संपवला, आणि त्यांचा नंबर मी पुढच्या बाळंतिणीला द्यायचा का, हे त्यांनाच विचारून, पगाराचा आकडा त्यांच्याकडूनच ठरवून घेऊन मग दिला.